पहिला येईल तो सुटेल

मलेशियातल्या इपोह शहरात वेंग सकाळपासून घरात येरझारा घालत होता आणि त्याला कारण त्याची मुलगी होती. नव्या वर्षाला तो शेवयांचा कारखाना तिच्या हाती देणार होता. काल ती व्यापारी संघाच्या सभेला गेली आणि रात्री नको ते ज्ञान घेऊन आली.

"बाबा, दर गुरुवारी नाश्त्याला तुम्ही शेवयांचा भाव ठरवता ना चौघं कारखानदार मिळून?"

"ठरवत नाही गं. बोलतो नुसतं. पीठ महागलं की किलोला वीस सेन वाढवू म्हणतो."

"यालाच संगनमत म्हणतात. स्पर्धा आयोग हल्ली लहान शहरांतही धाडी घालतोय. दंड उलाढालीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. मग मी काय, रिकामा कारखाना चालवू?"

"मग आता?"

"जो पहिला क्वालालंपूरला जाऊन, नाहीतर निदान फोनवरून, आयोगाला कबुली देतो आणि बाकीच्यांची नावं सांगतो, त्याला दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला थोडीफार सूट. उरलेले भरतात."

पंचवीस वर्षांच्या मित्रांना विकायचं म्हणजे काय, या विचारानं वेंगला रात्रभर झोप लागली नाही. आणि ते आपल्याला आधी विकतील या विचारानं तर मुळीच लागली नाही. तरी गुरुवार होता. गेलो नाही तर संशय येईल, म्हणून तो मोई वहिनीच्या कॉफीच्या दुकानात गेला.

सेक खुआन आणि पोह गुआन आधीच बसले होते. चौथी खुर्ची रिकामी होती.

"किम चायची दाढ दुखतेय. निरोप आलाय," पोह गुआन म्हणाला.

"बिचारा," वेंग म्हणाला. किम चाय हा इपोहमधला सगळ्यात चिक्कू माणूस. या टेबलावर बिल देण्यावरून दर गुरुवारी हाणामारी व्हायची. कोणी हात धुवायच्या निमित्तानं गल्ल्यावर जाऊन गुपचूप पैसे द्यायचा, कोणी दुसऱ्याचा सदरा धरून ओढायचा. त्या धामधुमीत किम चाय खाली वाकून बुटाची नाडी बांधत असायचा. पायात चपला असल्या तरी.

कॉफी आली, अर्धकच्ची अंडी आली. भावाबद्दल कोणी चकार शब्द काढेना. शेवटी वेंगला राहवलं नाही.

"मी काही काल त्या सभेला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"मीही नव्हतो," सेक खुआन घाईनं म्हणाला.

"कुठली सभा?" पोह गुआननं विचारलं, आणि त्याच्या हातातलं अंडं बशीबाहेर सांडलं.

म्हणजे तिघांनाही माहीत होतं. तिघंही एकमेकांकडे बघून हसले, आणि त्यातलं एकही हसू खरं नव्हतं.

"मी जरा हात धुऊन येतो," सेक खुआन उठला.

"बस खाली. तू अजून काही खाल्लेलं नाहीस," पोह गुआन म्हणाला.

"अरे, गाडीत फोन राहिलाय."

"फोन तुझ्या खिशात वाजतोय," वेंग म्हणाला.

मग तिघांचे फोन टेबलाच्या मधोमध, सॉसच्या बाटलीजवळ पालथे ठेवले गेले. सेक खुआनच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा त्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागलं. ताज्या ओल्या शेवया ट्रकमध्ये आंबायला लागल्या होत्या. "आंबू देत," तो म्हणाला, कारण उठायची सोय नव्हती.

दुसरी कॉफी झाली, तिसरी झाली. इतक्या कॉफीनंतर जे व्हायचं ते झालं. पोह गुआन पायावर पाय टाकून घामेजला.

"मला जायलाच हवं रे."

"तिघं मिळून जाऊ."

दुकानाच्या मागं एकच संडास. पोह गुआन आत, दोघं दाराला कान लावून.

"गप्प का झालास? आत दुसरा फोन आहे का?"

"इथं काय बोलू?"

"काहीही बोल. गाणं म्हण."

आतून नव्या वर्षाचं गाणं ऐकू यायला लागलं, सुरात नव्हे पण अखंड. संडासाची वाट बघत उभ्या असलेल्या एका म्हातारबाबांनी विचार बदलला आणि ते घरी गेले.

एकेकाचं गाणं झालं आणि तिघं परत येऊन बसले. वेंगला स्वतःची मनापासून लाज वाटली. याच पोह गुआननं त्याच्या बायकोच्या आजारपणात महिनाभर त्याचा कारखाना सांभाळला होता.

"हे काय चाललंय आपलं?" तो म्हणाला. "कोणीच जायचं नाही. भावाचं बोलणं आजपासून बंद. इथं फक्त खायचं."

"शपथ?"

"शपथ."

तिघांनी कॉफीचे पेले एकमेकांना टेकवले. जीव भांड्यात पडला तशी जुनी सवयही परत आली. सेक खुआन बिल द्यायला धावला, पोह गुआननं त्याचा सदरा धरला, वेंग दोघांच्या मधून घुसून गल्ल्याशी पोहोचला.

"आज मी. वहिनी, याचे पैसे घ्याल तर बघा."

"कोणाचेच घेत नाही," मोई वहिनी म्हणाली. "बिल सकाळीच दिलंय. किम चाय भाऊजींनी. तुम्ही निघाल तेव्हाच सांगा म्हणाले."

तिघं थबकले.

"किम चायनं? बिल?"

"जास्तीचेच दिले. मित्रांसाठी एकदा तरी काही करावं म्हणाले. क्वालालंपूरची बस गाठायची होती."

"दाढ दाखवायला?"

"दाढेचं काही बोलले नाहीत. चांगला कोट घातला होता. बूटसुद्धा होते पायात."

आपापले फोन उचलून तिघं दाराशी आले. पहिला नंबर बसमध्ये बसून गेला होता. दुसरा अजून शिल्लक होता.

"तुम्ही व्हा पुढे," वेंग म्हणाला. "माझी नाडी सुटलीय."

तो खाली वाकला आणि गुडघ्याआड फोन धरून आयोगाचा नंबर शोधायला लागला. मग त्यानं बाजूला पाहिलं. दोघंही वाकलेले होते, आणि तिघांच्याही पायांत चपला होत्या.