लोण्याचा खुबा आणि आरशासारखी फरशी

फरशीवाल्यांच्या दिवाणखान्यात आरसा नव्हता. गरजच नव्हती. खाली बघून भांग पाडावा अशी त्यांची फरशी होती, आणि दुकानात गिऱ्हाईक घुटमळलं की ते त्याला सरळ घरी घेऊन येत. "तुकडा काय बघता, नांदती फरशी बघा," म्हणत. तिच्यावर सतरंजी नाही, पायपुसणं नाही, खुर्च्यांच्या पायांनासुद्धा मोजे. त्यांची म्हातारी आई तेवढी भिंतीच्या कडेकडेने चालायची आणि भिंतीवर तिची बोटं उमटायची.

"आई, भिंत कशाला चाचपतेस सारखी? पुसून पुसून रंग उडाला."

"सवय रे," आई म्हणायची आणि पुढे सरकायची.

या फरशीवर लोण्या वाढत होता. लोण्या म्हणजे मेहुण्याच्या कुत्रीचं पिल्लू. रंगाने लोण्यासारखा आणि खाण्यात कुणाला ऐकायचा नाही. धावताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा टुणटुण जायचा आणि घरादाराला त्याचं कोण कौतुक. पण पुढेपुढे तो बसला की उठताना कुरकुरायला लागला, जिन्याशी थांबून केविलवाणा बघायला लागला. तेव्हा मात्र नवराबायको त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी लोण्याच्या कमरेचा एक्स-रे काढला आणि उजेडापुढे धरला.

"खुब्याचा सांधा सैल आहे. वाटी उथळ आहे, त्यामुळे हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही. ते सशासारखं पळणं त्यामुळेच."

"अहो, पण अजून वर्षाचाही नाही तो," फरशीवाल्यांची बायको म्हणाली.

"लहान वयातच दिसायला लागतं बऱ्याचदा. कारण एकच असं सांगता येत नाही. मुळात ते आईबापांकडून येतं."

फरशीवाल्यांनी बायकोकडे असं काही पाहिलं, की पिल्लू कुणाच्या माहेरचं हे डॉक्टरांनाही कळलं. "ऐकलंस? रक्तातच आहे म्हणतायत."

"त्यात वाढीच्या वयात वजन भराभर चढलं की सांध्यावर भार येतो," डॉक्टर पुढे म्हणाले. "खायला कोण घालतं?"

"मी घालते. दोन वेळा, अगदी मापून."

फरशीवाले खिडकीबाहेर बघू लागले. लोण्याने मात्र त्यांच्या खिशात नाक खुपसलं आणि अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा ओढून काढला. तिथेच बसून तो मचामचा खायला लागला.

"आणि घरातली फरशी कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते यांनाच विचारा," बायको गोड आवाजात म्हणाली. "तासभर सांगतील."

फरशीवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा फरशीचं वर्णन एका शब्दात उरकलं. "गुळगुळीत."

"मग आधी ती झाका. पाय घसरतात तसा सैल सांधा आणखी खिळखिळा होतो. वजन उतरवा. उड्या बंद, जिना बंद, रोज सावकाश फिरवा. काही महिन्यांनी पुन्हा बघू. सुधारला तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हटल्यावर फरशीवाल्यांनी लोण्याला जवळ ओढलं. घरी जाताना लोण्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि ते उरलेली बिस्किटं एकटेच खात होते, म्हणजे मोह नको.

घरी येताच बायकोने भावाला फोन लावला. आता या मेहुण्याचा धंदा होता रबरी पट्ट्यांचा. दुकानांत, जिन्यांत, पाय घसरू नये म्हणून अंथरतात ते. फरशीवाल्यांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती, फरशी घालणारी आणि फरशी झाकणारी, आणि दुसऱ्या प्रकाराला त्यांनी घरची मुलगी दिली नसती. तिकडची आणली होती, त्याला इलाज नव्हता.

मेहुणा संध्याकाळीच काळ्या, खरबरीत पट्ट्यांच्या गुंडाळ्या घेऊन आला.

"काळजी करू नका भाऊजी. पिल्लू माझ्याकडचं, पट्टेही माझ्याकडचेच."

"दुखणंही तुझ्याकडचंच," फरशीवाले म्हणाले.

पट्टे अंथरले. लोण्याने वास घेतला, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि भलत्याच ऐटीत दिवाणखाना पार केला. फरशीवाल्यांना भरून आलं. पण नजर जरा बाजूला गेली की आपल्या फरशीवर ते काळे पट्टे दिसायचे आणि भरून आलेलं ओसरायचं.

अशात एक मोठं गिऱ्हाईक आलं. नवं हॉटेल बांधणाऱ्या बाई. सगळ्या हॉटेलची फरशी घालायची होती, आणि आधी घरची बघायची होती.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," म्हणत फरशीवाल्यांनी सकाळीच पट्टे गुंडाळून आत टाकले.

"आणि लोण्या?" बायकोने विचारलं.

"आईच्या खोलीत. दार लावून."

बायकोने पट्ट्यांच्या गुंडाळ्या आतल्या दाराशी, हाताशी येतील अशा ठेवल्या. 

हॉटेलवाल्या बाई आल्या, दारातच दिपल्या आणि सोफ्याच्या पाठीला हात लावून उभ्या राहिल्या. फरशीवाले सुरू झाले. चकाकी, जोड, पॉलिश. त्यांचा आवाज चढत गेला, आणि हा आवाज आपल्याचसाठी आहे असं आतल्या खोलीत लोण्याला वाटलं. त्याने दार असं खरवडलं की आईला राहवलं नाही. तिने कडी काढली.

लोण्या धावत सुटला. मधोमध आल्यावर त्याच्या मागच्या तंगड्या दोन दिशांना फाकल्या आणि तो कळवळून ओरडला. फरशीवाले गिऱ्हाईक विसरले, ऑर्डर विसरले, आणि त्याला धरायला झेपावले. पुढचं सगळं फरशीने केलं. ते सपशेल आडवे होऊन सरकत गेले, वाटेत लोण्याला पोटावर घेतलं आणि दोघे मिळून बाईंच्या पायाशी येऊन थांबले.

"लागलं का रे तुला?" ते लोण्याला विचारत होते. लोण्या त्यांचं नाक चाटत होता.

"फरशी सुंदर आहे," बाई सोफा न सोडता म्हणाल्या. "पण खरं सांगू? आल्यापासून मी इथून हललेली नाही. हिंमतच होत नाही."

बायकोने मुकाट्याने पट्टे आणून अंथरले. बाईंनी सोफा सोडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे मात्र मला हवं. कुणाचं आहे?"

"माझ्या भावाचं," बायको म्हणाली. इतक्या नम्रपणे ती लग्नातही बोलली नव्हती.

"आणि फरशी?" फरशीवाल्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"फरशी तुमचीच घेते की. पण भिंतींना लावा. भिंतीवरून कोण घसरणार?"

अशा रीतीने हॉटेलच्या भिंती फरशीवाल्यांना मिळाल्या आणि जमीन मेहुण्याला. त्या दिवसानंतर पट्टे काही उचलले गेले नाहीत. काही महिन्यांनी डॉक्टरांनी लोण्याला पुन्हा तपासलं. वजन उतरलं होतं, मांड्या भरल्या होत्या. "मांड्या आता सांधा तोलून धरतायत. ऑपरेशन सध्या तरी नको," ते म्हणाले. फरशीवाले आनंदाने सगळ्यांसाठी पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा फोडणार होते, पण बायकोने पुडा काढून घेतला.

संध्याकाळी ते लोण्याला पायाशी घेऊन खुशीत बसले होते. समोरून आई आली, दिवाणखान्याच्या मधून, हात मोकळे सोडून. फरशीवाल्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत स्वच्छ होती.

"अरे वा. भिंत चाचपायची सवय गेली वाटतं तुझी?"

"सवय कसली डोंबलाची. पाय घसरायचा माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तू म्हणालास, नीट बघून चालत जा." आईने वाकून लोण्याच्या डोक्यावर हात फिरवला. "याला बोलता येत नाही ना, म्हणून याचं लगेच ऐकलंस."

 फरशीवाल्यांनी उठून आईच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत नजर टाकली. तिथे अजून लख्ख फरशी होती, आणि कडेच्या भिंतीवर बोटं होती. त्यांनी स्वतः मेहुण्याला फोन लावला.

"आणखी एक पट्टा पाठव. लांब पाठव, आणि चांगला जाड."

"आता कुणाला हवा भाऊजी? दुसरं पिल्लू आणलंत की काय?"

"नाही रे," फरशीवाले म्हणाले. "माझ्या आईला."