पाणवठ्यावर कोण आलंय?

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलचा टॉवर होता. त्यामुळे तिथल्या प्रत्येक प्राण्याकडे मोबाइल होता. प्राण्यांना खिसे नसतात, मग ते मोबाइल ठेवत कुठे, असं विचारू नका. गोष्टीत मध्ये मध्ये बोलणाऱ्या मुलांना कोल्हा नेतो.

तर या जंगलात एक टिटवी राहायची. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चालत आलं होतं. वाघ दिसला की ओरडायचं. जंगलाचाही एक जुना रिवाज होता. टिटवी ओरडली की आधी पळायचं, चौकशी मागाहून करायची. या रिवाजामुळे बरीच मंडळी म्हातारी होऊन मेली. जंगलात ही मोठीच गोष्ट आहे.

पण ओरडणाऱ्या टिटवीचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. आभार मानायला थांबणार कोण? सगळे पळालेले. आपल्या टिटवीला हे फार लागायचं. घसा फोडून ओरडायचं आणि कुणी ओळखही ठेवू नये? म्हणून तिने डिजिटल पत्रकारितेचा कोर्स केला आणि ‘रानखबर’मध्ये शिकाऊ बातमीदार म्हणून चिकटली.

‘रानखबर’चा संपादक होता एक सरडा. हुशार प्राणी. ट्रेंड बदलायच्या आधी त्याचा रंग बदलायचा. बातम्या साऱ्या जंगलाच्या द्यायचा, पण त्याची स्वतःची धाव कुंपणापर्यंत. पाणवठा त्याने फक्त व्हिडिओत पाहिला होता.

त्याने टिटवीला नमुन्याची एक बातमी लिहायला सांगितली. तिने लिहिलं, ‘पाणवठ्यावर वाघ आला. पळा.’

सरड्याने मान वर-खाली केली. “भाषा छान आहे,” तो म्हणाला. “पण तू सगळंच सांगून टाकलंस. वाचणारा वाचेल आणि पळून जाईल. पळून गेलेला वाचक आपल्या काय कामाचा?”

मग त्याने तिला धंद्याची गोम शिकवली. नाव शीर्षकात द्यायचं नाही. शेपटी दाखवायची, तोंड झाकायचं. टिटवी मुळातच चुणचुणीत, लगेच शिकली. तिची पहिली बातमी झळकली, ‘आंघोळीनंतर हत्तीने जे केलं ते पाहून हादराल.’ हत्तीने अंगावर माती उडवली होती. तो रोजच उडवतो. मग आलं, ‘साळिंदराच्या पाठीवर सापडलं भलतंच काही.’ काटे सापडले होते. वाचक चरफडायचे, टिटवीला नावं ठेवायचे आणि पुढची बातमी उघडायचे. तुमच्या घरातही असे वाचक असतील. आत्ता बघू नका त्यांच्याकडे.

थोड्याच काळात टिटवीला सगळे ओळखू लागले. ससे तिच्याबरोबर सेल्फी काढू लागले.

याच दिवसांत तिने अंडी घातली. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, तेवढाच काय तो बंदोबस्त. टिटवीची अंडी पाणवठ्याच्या काठाला होती. ती ड्यूटीवर गेली की टिटवा अंड्यांवर बसायचा. टिटव्याला तिच्या नोकरीचं कौतुक होतं, पण मनात एक खुटखुट होती.

“अगं, खरंच वाघ आला तर ओरडशील ना?” त्याने एकदा विचारलं. “की शेपटी दाखवशील?”

“तेवढं कळतं मला,” टिटवी म्हणाली आणि हसली.

आणि खरंच कळत होतं, बरं का. एका सकाळी काठाच्या गवतात तिला पट्टे दिसले. तिने एक अक्षरही न फिरवता बातमी धाडली, ‘पाणवठ्यावर वाघ आला. पळा.’

कुंपणावर ऊन खात बसलेल्या सरड्याने ती वाचली. या पोरीला किती वेळा शिकवायचं, असं म्हणत त्याने ती सुधारून टाकली, ‘पाणवठ्यावर कोण आलंय? ओळखा पाहू. थेट काठावरून आपली लाडकी टिटवी.’

झालं. सारं जंगल पाणवठ्यावर लोटलं. चितळं आली, सांबरं आली, ससे पोराबाळांसकट आले. ज्यांना तहान नव्हती तेही आले. टिटवीला काही कळेना. ती गर्दीवर घिरट्या घालत ओरडू लागली. आजीपणजी जशी ओरडायची, अगदी तशी. वाघ आलाय, पळा, पळा.

पुढच्या रांगेतल्या एका चितळाने मोबाइल वर धरला. “थांब गं जरा, लाइव्ह चालू आहे.”

एक ससा फुरंगटून म्हणाला, नाव आधीच सांगून मजा घालवलीस. दुसरा म्हणाला, हत्तीच्या वेळीही असंच हादरवलं होतंस. कुणी जागचं हललं नाही.

वाघ गवतातून बाहेर आला. धावण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. चालत आला, नीट पाहिलं आणि लाइव्हवालं चितळ उचललं. मग मात्र सगळे पळाले. वाट फुटेल तिकडे आणि खड्यांवरून.

टिटव्याने पंख पसरले होते. पंखाखालचं एक अंडं वाचलं. टिटवीला इतकं वाईट वाटलं, की ती तिथेच बसली.

जेवण आटोपून वाघ पाणी प्यायला आला. अदबीने म्हणाला, “बाई, तुमच्या आई ओरडायच्या तेव्हा मला उपास घडायचा. तुमची प्रगती पाहून बरं वाटतं.” आणि त्याने ‘रानखबर’ सबस्क्राइब केलं.

तेवढ्यात सरड्याचा फोन आला. आजवर कुठल्याच बातमीला एवढे वाचक मिळाले नव्हते. टिटवीची नोकरी पक्की झाली होती. आता पुढची बातमीही तिनेच द्यायची, असं सरडा म्हणाला. शीर्षक त्याने तयारच ठेवलं होतं, ‘टिटवीच्या अंड्यांचं पुढे काय झालं?’

टिटवीने लिहून पाठवलं, ‘अंडी फुटली.’

सरडा हळहळला. “पुन्हा सगळं सांगून टाकलंस.”

टिटवीने मोबाइल पाण्यात सोडून दिला आणि उरलेल्या अंड्यावर जाऊन बसली. तिच्या जागी ‘रानखबर’ने एक साळुंकी घेतली. अर्ज पुष्कळ आले होते.

तात्पर्य : वाघ आला, असं कधीही सरळ सांगू नये. सरळ सांगितलं की वाचक पळतात, वाघ उपाशी राहतो आणि टिटवीला कुणी ओळखत नाही. फक्त आपली अंडी दुसऱ्या पाणवठ्यावर घालावीत.