वामनरावांचं बिनखर्ची कुंपण

वामनरावांनी एखादी गोष्ट फुकटात करायची ठरवली, की ती घराला किती महागात पडणार हे फक्त शालूबाईंना कळे. (वामनरावांना कळत नसे, कारण ते ठरवण्यात गुंतलेले असत.)

या वेळी कुंपण घालायचं होतं. घरामागे हातरुमालाएवढं परसू, त्यात एक गाय, तिचं वासरू आणि शेवंती नावाची बकरी. शेवंती शालूबाईंच्या माहेरची. आईनं मरायच्या आधी स्वतःच्या हातानं दावं लेकीच्या हातात दिलं होतं. आता ती गाभण होती आणि तिचे डोहाळे अवघ्या गावाला ठाऊक होते, कारण परसाला लागूनच पुंजाजीची भाजीची वाडी होती. समोर टाकलेला कडबा शेवंतीला दिसत नसे. पुंजाजीची मेथी डोळे मिटूनही दिसे.

तिसऱ्यांदा वाफा साफ झाला तेव्हा पुंजाजी सरपंचांकडे गेला. उकंडराव सरपंचांनी निकाल दिला, "वामनभाऊ, कुंपन घाला. आता एकडाव जरी बकरी तिकडं दिसली, तं खामगावच्या बाजारात नेऊन इका. मंग मले काऊन म्हनून इचारू नका."

शालूबाईंना त्या दिवशी घास गेला नाही. वामनराव मात्र दोन भाकरी जास्त जेवले. सातवी शिकलेल्या माणसाला असा एखादा प्रॉब्लेम मिळाला की भूक लागतेच.

ओट्यावर बसून त्यांनी सगळे मार्ग तपासले. काटेरी तार? खामगावात भाव विचारला, तो तारेपेक्षा जास्त टोचला. दगडांचा गडगा? दगड फुकट होते, पण उचलायची पाठ स्वतःची होती. बोरी-बाभळीच्या काट्या? त्याही फुकट, पण हाताला लागतात. (शालूबाईंना त्यांनी 'काट्या टिकत नाहीत' एवढंच सांगितलं.) शेराच्या चिकाळ झुडपाच्या कांड्या लावाव्यात तर त्या पावसाळ्यात मूळ धरणार, आणि शेवंती तर आजच हट्ट धरून बसली होती.

इतक्यात शेतातून पऱ्हाट्यांची गाडी आली. कापूस वेचून झाला की ही वाळकी झाडं उपटून परसात रचायची, असा दर फाल्गुनातला रिवाज. वामनरावांनी तो छातीएवढा ढीग पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

"अवो, कुंपन आपल्या पायानं दारात आलं!"

"ते माहं सरपन हाय," शालूबाई म्हणाल्या.

"होतं. आता कुंपन हाय."

"मंग चुलीत काय घालू?"

"गोवऱ्या हायेत ना ढीगभर."

"गोवरी पेटवाले खाली पऱ्हाटी लागते. नुसत्या गोवरीपुढं फुंकून फुंकून माहे डोये जातीन."

"तुमी बाया बारक्या गोष्टीत अडकता. आंधी बकरी तं वाचू द्या. चुलीचं पाहू."

'पाहू' या शब्दावर वामनरावांचं निम्मं घर उभं होतं. न्हाणीचा फुटका दगड, गळकं छप्पर, शालूबाईंची दुखरी दाढ, सगळं त्यावरच टेकलेलं. त्यात आता चूल आली.

मेखा ठोकून, अंबाडीच्या दोऱ्यांनी आवळून कुंपण उभं राहिलं, आणि खोटं कशाला बोला, चांगलंच राहिलं. शेवंतीनं एकदा डोकं घालून पाहिलं, शिंगात काटकी अडकली, आणि ती मुकाट कडब्याकडे वळली. शालूबाईंच्या जिवात जीव आला. नवऱ्याबद्दल दोन बरे शब्द बोलावेत असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण वामनराव ते स्वतःच बोलत होते, त्यामुळे शालूबाईंच्या शब्दांना जागा मिळाली नाही.

कुंपणाची कीर्ती पसरली. पारावरून माणसं बघायला येऊ लागली. वामनराव हातात काडी घेऊन परसात उभे राहत आणि समजावून सांगत.

"पैसा लागत नाई, भाऊ. प्लॅन लागते. सरकार पाच-पाच वर्षांचे प्लॅन करते, आपुन दोन दिवसांत केलं. एक नवा पैसा खर्च नाई! अवो, चहा ठेवा!"

आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जात नसे. नव्या माणसासोबत आधीचा जुनाही येई. शिवाय वामनरावांना आंघोळीला कढत पाणी लागे. (उन्हाळ्यातसुद्धा. थंड पाण्यानं विचार आखडतात, असं त्यांचं मत होतं.) परसात कुंपणाची तारीफ चाले, घरातून धूर निघे, आणि धुरामागून चहा येई. चहा येतो म्हणजे तो कशावर तरी उकळला असणार, एवढा बारीक हिशेब मोठ्या प्लॅनमध्ये बसत नाही.

एक दिवस वामनरावांना कुंपणातून पुंजाजीची वांगी दिसली. दोन दिवसांनी पुंजाजी दिसला.

त्यांनी फट ओढून-ताणून बांधली. ती बुजली, तर शेजारी दुसरी पडली. होळी कधीच होऊन गेली होती, त्यामुळे पोरांवर आळ घेता येईना. मग त्यांच्या शिकलेल्या डोक्यात प्रकाश पडला: हे कुंपण नको कोणाला असेल? ज्याला बकरी बाजारात गेलेली हवी, त्यालाच!

आणि दुसऱ्याच सकाळी शेवंती मेथीच्या वाफ्यात उभी होती. पुंजाजीनं तिला कानाला धरून आणलं आणि येताना सरपंचांनाही आणलं.

"चला, सोडा दावं," पुंजाजी म्हणाला. "उद्या खामगावचा बाजार हाय."

"थांब बे!" वामनराव गरजले. "कुंपन उपसतोस तू, अन् बकरी इकायची म्या?"

"म्या? तुह्या काटक्या म्या कायले उपसू? माह्या घरी सरपन नाई काय?"

"उकंडभाऊ, पाहा! हा चोर हाय. तुमी इथंच बसा अन् पंचनामा करा. चोर ठरला तं बकरी राह्यली. नाई तं म्या सोता तिले बाजारात नेतो!"

दारात उभ्या शालूबाईंनी पदर तोंडाशी धरला. शेवंती पुंजाजीच्या हातातून सुटायला बघत त्यांच्याकडेच पाहत होती, तोंडात अजून मेथीची काडी.

सरपंच बाजेवर टेकले. पाहुणा टेकला की वामनरावांचं तोंड आपोआप उघडे.

"अवो, चहा ठेवा!"

शालूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बकरीकडे. मग पदर खोचून त्या परसात उतरल्या, सरपंचांच्या समोरून सरळ कुंपणाकडे गेल्या, चार पऱ्हाट्या कडाकड मोडल्या, काखेत मारल्या आणि घराकडे वळल्या.

शेवंती तेवढी मेथीची काडी चावत राहिली.

"हे... हे काय वो?" वामनराव म्हणाले.

"तुमचा चहा," शालूबाई म्हणाल्या. "काल सकायचा त्या कोपऱ्यातला होता. परवाच्या आंघोयीचं पानी या मेखेपासून त्या मेखेपर्यंत. पाहू म्हटलं होतं ना तुमी? आता पाहा."

पुंजाजीनं हसू दाबायचा प्रयत्न केला. त्या नादात बकरीचा कान त्याच्या हातातून सुटला.

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कुंपन शेत खाते, हे म्या आयकलं होतं. कुंपन खानारा मानूस पह्यल्यांदा पाह्यला. वामनभाऊ, बकरी मुकं जनावर हाय, तिचा गुन्हा नाई. ती राहीन. तुमी शेराच्या कांड्या लावा. त्या धरेपर्यंत त्या फटीत तुमी सोता बसा."

"म्या? किती दिवस?"

"पाहू," सरपंच म्हणाले आणि चहाची वाट बघू लागले.

तेव्हापासून वामनराव फटीत पोतं टाकून बसू लागले. येणारे-जाणारे थांबत. आता कोणी प्लॅन विचारत नसे. शालूबाईंचं सरपण हळूहळू चुलीत जात होतं, शेवंतीचं पोट वाढत होतं, आणि परसात सगळं ठीक होतं.

एका दुपारी पुंजाजीची बायको तानुबाई मेथी खुडायला आली. फटीत वामनराव बसल्या-बसल्या घोरत होते. शेवंती त्यांच्या मांडीशी उभी राहून त्यांच्या धोतराचा सोगा शांतपणे चावत होती. निम्मा पोटात गेला होता.

"अवो शालूबाई!" तानुबाईनं हाक मारली. "बकरी कुंपन खाऊन राह्यली ना!"

शालूबाईंनी चुलीपुढून मान वर करून पाहिलं.

"खाऊ दे व माय," त्या म्हणाल्या. "हे कुंपन चुलीत घालता येत नाई, बकरीच्या तं कामी येऊ दे."