उजवा हात खिशात

आमच्या मजल्यावरचे दळवीकाका सत्यनारायणाचा प्रसाद डाव्या हातात घेतात. उजवा हात पँटच्या खिशात. कळंबोलीतल्या आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि काकांचा डावा हात हे तीनच कायमचे विषय आहेत. बायका समजावून थकल्या. काका शांतपणे डावा पुढे करतात आणि म्हणतात, "लांब पोचतो."

आयुष्यभर लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी केली, तरुणपणी कारखान्याच्या टीमकडून बॉक्सिंग केलं. आता एकटेच राहतात. त्यांच्यापुढे एकच प्रश्न सुटायचा बाकी आहे: आजवरचा सगळ्यात भारी जॅब कुणाचा? जॅब म्हणजे पुढच्या, म्हणजे डाव्या हाताचा सरळ, हलका ठोसा; आडवं पाडणारा तो मागचा उजवा. हे त्यांनी मला आमच्याच सोफ्यावर, माझ्या चष्म्यापासून दोन बोटांवर मूठ थांबवून शिकवलं. तेव्हापासून मी चष्मा काढून ठेवतो.

बॉक्सरांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवलीत. एक पोस्टमन: येणार हे माहीत असतं, तरी दार उघडावंच लागतं. दुसरा हातोडा: त्याचा जॅब म्हणजे इतरांचा उजवा. तिसरा शिंपी. "शिंपी मारत नाय, सावंत. माप घेतो. समोरचा जवळ येऊच शकत नाय."

मी एकदा उगाच शहाणपणा केला. "पण काका, जॅबनं कोणी आडवा पडतो का?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जुन्या लढती ते मोबाईलवर लावतात आणि ऐन रंगात आल्या की बंद करतात. अशा ढीगभर लढती मी पाहिल्या. एकीतही कोण जिंकलं ते मला ठाऊक नाही. "पुढं काय झालं?" विचारलं की म्हणतात, "पुढं उजवा आला." आणि चहा अर्धा टाकून उठतात.

गेल्या महिन्यात उलव्याहून त्यांच्या सुनेचा फोन आला. मुलीचं बारसं आहे, या. मुलगा संदीप बारा वर्षं त्यांच्याशी बोललेला नव्हता. काका थेट आमच्याकडे आले. आमच्या हिनं चांदीचे वाळे घ्यायला सांगितले. "आणि काका, निदान नातीला तरी उजव्या हातानं द्या हो."

मग आठवडाभर आमच्या हॉलमध्ये सराव. हात खिशातून काढायचा, वाळ्यांची डबी पुढे करायची, हात परत आत. बाळाच्या भूमिकेत मी. "हे बाळ सत्तर किलोचं आहे," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. काका हसले नाहीत. हात खिशात घालून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बारशाला त्यांनी मलाही सोबत नेलं. रिक्षात, मी न विचारता, म्हणाले, "संदीप बारावीला नापास झाला. उलटून बोलला. मी एकच मारला. उजवा, कानावर. त्या कानानं त्याला ऐकू येत नाय."

मग म्हणाले, "डावा मारला असता, तर एवढं लागलं नसतं."

बाहेर एकसारख्या नव्या इमारती जात होत्या. मी त्यांचे मजले मोजत बसलो.

दार संदीपनंच उघडलं, पोरीला छातीशी धरून. काकांनी ठरल्याप्रमाणे उजवा हात काढला. पण घाबरून, झटक्यात काढला, आणि डबी मुठीत होती.

संदीपची मान चटकन मागे गेली. पोरीवर त्यानं दुसरा हात धरला.

मग काका म्हणाले, "मान अजून चांगली मागे घेतो." उजवा हात खिशात गेला. वाळे त्यांनी डाव्या हातानंच दिले. सुनेनं पदर पसरून घेतले.

काका सोफ्याच्या कडेला टेकले. संदीप शेजारी बसला, आणि लगेच म्हणाला, "इथं नको, अण्णा. या बाजूला बसा. तिकडनं मला ऐकू येत नाही."

काका उठून पलीकडे बसले. दोघांत बरोबर एक हात अंतर. आमच्या हातात घुगऱ्यांच्या वाट्या आल्या. काका खाली मान घालून, डाव्या हातानं, एकेक दाणा खात होते.

जरा जरा वेळानं संदीप कान पुढे करून विचारायचा, "काही म्हणालात?"

काका काहीच म्हणाले नव्हते.