धोंडा घोरपडीची हिवाळी कांती

एका जंगलात, मुलांनो, धोंडा नावाची घोरपड राहत असे. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तिथे आता स्विमिंग पूल आहे.

धोंडाची कातडी फार खडबडीत होती. तुमच्या आईची नारळ खवायची खवणी असते ना, तशी. तिच्यावर कुणी पाठ घासली तर खाज जायची आणि थोडी पाठही जायची. पण धोंडाला त्याचं काही वाटत नसे, कारण तिचं सगळं आयुष्य त्या कातडीवर चाललं होतं.

ते कसं, नीट ऐका. घोरपडीच्या पोटात शेगडी नसते. ऊन मिळालं तर ती हलते, पळते, दुसऱ्यांची अंडी खाते. ऊन नाही मिळालं तर असेल तिथे ताठ पडून राहते आणि उपाशी मरते. आणि थंडीत त्या जंगलात दिवसभर ऊन मिळेल अशी एकच जागा होती. उभ्या कड्याच्या मधोमध काळ्या कातळाची एक फळी होती. तिला सगळे तवा म्हणत.

तवा कुणाचा, हे मार्गशीर्षाच्या पहिल्या सकाळी ठरे. ज्यांना हवा असेल त्यांनी उजाडताच कड्याला चिकटायचं. शेपटीला ऊन लागेपर्यंत जो चिकटून राहील, त्याचा तवा, हिवाळाभर. पंच होते वानरअण्णा. ते खाली बसून शेंगा खात, पण लक्ष असे. धोंडा सलग पाच वर्षं जिंकली होती. दुसरा नंबर दर वर्षी रंगराव सरड्याचा. तो जिद्दीचा होता, पण त्याची पकड जरा कमी पडे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आश्विनात तळ्यावर एक व्याख्यान झालं. विषय होता 'हिवाळा आणि आपली त्वचा'. बोलणार होती तकतकी बेडकी. तिला सगळे मॅडम म्हणत, कारण ती कमळाच्या पानावर बसून बोले आणि वाक्याच्या शेवटी डोळे मिटून घेई. तिची त्वचा बघण्यासारखी होती. हिरवी, ओली, एक सुरकुती नाही. ती तशीच जन्मली होती, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

धोंडा खरं तर तळ्यावर पाणी प्यायला गेली होती. पण मॅडमनी तिला गर्दीतून बरोबर हेरलं.

"ताई, वय काय आपलं?" मॅडमनी प्रेमाने विचारलं. "पन्नास?"

धोंडाला सातवं चालू होतं. बदकं हसली. एक चिखल्या पक्षी तर हसता हसता चिखलात बसला. धोंडाला इतकं लागलं की ती पाणी न पिताच पुढच्या रांगेत जाऊन बसली.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. उन्हाळ्याची त्वचा वेगळी, हिवाळ्याची वेगळी. हवा बदलली की आपण बदलायचं. मग त्यांनी धोंडाला दिनक्रम आखून दिला. सकाळी उठून दवाने अंग पुसायचं. त्यावर शेवाळाचा लेप, तो अर्धवट वाळला की काढायचा. मग मोहाच्या बियांचं तेल. ते तेल काढायला धोंडा बिया चावत बसे, तिचा जबडा दुखून येई. तेलावर पोळ्याखाली पडलेलं मेण, पोटाला आणि तळपायांना दोनदा, कारण तिथली त्वचा म्हणे सर्वांत दुर्लक्षित असते. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं: उन्हात जायचं नाही. उन्हाने डाग पडतात.

"एक दिवस जरी चुकला ना ताई," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, "की सगळं पुन्हा पहिल्यापासून."

धोंडाची शेजारीण साळूमावशी. ती साळिंदर होती. तिने विचारलं, की बाई, तू उन्हात नाही गेलीस तर हलशील कशी? धोंडा म्हणाली, तुला नाही कळायचं. साळूमावशीला खरंच कळत नव्हतं. तिने जन्मात अंगाला काही लावलं नव्हतं. लावायला हात कुठे घालणार?

पंधरा दिवसांत फरक दिसू लागला. धोंडाचं अंग आधी मऊ झालं, मग गुळगुळीत झालं, मग चमकायला लागलं. हातपाय मात्र आखडू लागले. ती मॅडमना विचारायला गेली. त्या म्हणाल्या, आखडत नाहीत ताई, त्वचेला घट्टपणा येतोय. धोंडाला फार बरं वाटलं. त्याच संध्याकाळी एका तरुण घोरपडीने तिला 'आजी' न म्हणता 'ताई' म्हटलं. त्या एका शब्दावर तिने पुढचे आठ दिवस काढले. जेवण तसंही मिळत नव्हतं.

मार्गशीर्ष उद्यावर आला. धोंडाने सहज म्हणून घराजवळच्या दगडावर चढून पाहिलं, आणि ती खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा खाली आली. तवा गेला तर हिवाळा कसा निघणार? ती कशीबशी तळ्यावर पोहोचली. कमळाचं पान रिकामं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'मॅडम दौऱ्यावर आहेत.'

काठावर साळूमावशी कंद उकरत होती.

"दौरा कसला," ती म्हणाली. "खाली चिखलात झोपलीये ती. कार्तिक सरता सरता आत शिरते, ती आषाढात पाऊस पडला की निघते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मग तिला थंडीतलं कसं ठाऊक?"

"तेच मी त्या दिवशी विचारणार होते," साळूमावशी म्हणाली. "पण सगळे टाळ्या वाजवत होते."

मग तिने साधा उपाय सांगितला. आत्ता जा, नदीच्या वाळूत तासभर लोळ, अंग खरवडून घे आणि सकाळी चढ. धोंडा वाळूपर्यंत गेली. जाता जाता तिने पाण्यात वाकून पाहिलं. पाण्यातून एक चकचकीत, तरुण घोरपड तिच्याकडे बघत होती. दीड महिन्याची मेहनत होती ती. धोंडाला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. ती न लोळताच परत आली. आणि सकाळी उठून तिने दव, लेप, तेल, मेण सगळं केलं. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, नाही का?

कड्याखाली सगळं जंगल जमलं होतं. धोंडा येताच कुजबुज झाली. काय बाई कांती, असं बदकं म्हणाली. वानरअण्णांनी शेंग खाली ठेवून हात वर केला. रंगराव आणि धोंडा एकदमच कड्याला भिडले.

रंगराव चिकटला.

धोंडा चार हात वर गेली आणि तितक्याच शांतपणे खाली आली. आवाजसुद्धा झाला नाही. दुसऱ्यांदा ती सहा हात चढली, आणि खाली येताना थेट वानरअण्णांच्या शेंगांत जाऊन थांबली. अण्णा म्हणाले, बाई, घसरताना फार छान दिसता. तिसऱ्यांदा तिने नखं रोवली, दात रोवले, देवाचं नाव घेतलं. मग तिची हनुवटी निसटली आणि मागोमाग बाकीची धोंडाही.

वर रंगरावाच्या शेपटीला ऊन लागलं. तवा त्याचा झाला.

तो हिवाळा धोंडाने कड्याच्या सावलीत, दगडाखाली ताठ पडून काढला. मेली नाही ती साळूमावशीमुळे. मावशी तिला रोज दुपारी तासभर उन्हाच्या कवडशात ढकलत नेई आणि ढकलत परत आणी. ढकलताना ती तोंड लावे, पण वळताना काटे लागतच.

आषाढ आला. पाऊस पडला, मॅडम चिखलातून वर आल्या, पानावर बसल्या. धोंडा पुढच्या रांगेत होती. हाडं दिसत होती, अंगभर भोकं पडली होती. मॅडमनी तिला निरखून पाहिलं.

"वा," त्या म्हणाल्या. "रंध्रं किती सुंदर मोकळी झाली आहेत."

"मॅडम," धोंडाने विचारलं, "तुम्ही थंडी कधी पाहिली आहे?"

"छे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर माझी त्वचा अशी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगरावाने सर्वांत जोरात वाजवल्या. हिवाळाभर तव्यावर बसून त्याच्या पाठीला भेगा पडल्या होत्या, आणि मॅडमच्या नव्या वर्गात त्याला पहिलं नाव घालायचं होतं. तो लाजत लाजत धोंडाजवळ आला आणि विचारू लागला, की धोंडाबाई, तुम्ही केलंय हे सगळं, तुमचा अनुभव काय?

धोंडाने त्याच्या भेगाळलेल्या, खरखरीत, चिवट पायांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"फार छान आहे हो," ती म्हणाली. "तळपायांना मेण दोनदा लावा. आणि एकही दिवस चुकवू नका."

मग ती घरी गेली आणि दगडावर पोट आणि तळपाय घासू लागली.

तात्पर्य: सल्ला नेहमी अनुभव नसलेल्याकडूनच घ्यावा. अनुभव असलेल्यांच्या तोंडावर सुरकुत्या असतात, आणि मनात काय असतं ते तर दिसतही नाही.