म्हात्रेकाकांचा क्वांटम

आमचे शेजारी म्हात्रेकाका भेटले की तुमची तब्येत विचारत नाहीत, तुमचं कुलूप विचारतात. "क्वांटमला टिकंल का?"

काका एसटीतून रिटायर झालेले. उभा जन्म रेवदंड्याच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, आता चौलात क्वांटम पुकारतात. "ब्लॉकचेन म्हंजे गावभर वाटलेला हिशोब. एकानं खोडला तर बाकीचे धरतील. पण सही हेच त्याचं कुलूप, तीच कोणी खोटी केली तर? आजच्या कम्प्युटरला ते जमायचं न्हाय, जन्म जाईल. क्वांटम कम्प्युटर आला की नुसतं कुलूप बघंल नि चावी घडवंल! गाडी तिकडनं सुटलीय. कुलपं आत्ताच बदला!"

मासळीवाल्या यशोदेलाही त्यांनी सोडलं नाही. ती म्हणाली, "काका, माझी सुरमई संध्याकाळपर्यंत टिकत न्हाय, तिचं बोला."

गावात कोणाकडेही ब्लॉकचेन नाही, याचं काकांना काही वाटत नसे. देवळाच्या कमिटीत त्यांनी दानपेटी क्वांटमपासून सुरक्षित करण्याचा ठराव मांडला. अध्यक्षांनी हात जोडले. "काका, आधी तिला कडी तरी बसवू." तरी ठराव एकमताने मंजूर झाला, कारण त्याआधी काका चहा येऊ देईनात.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे ताक द्यायला गेले, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलपुढे बसलेले. पडद्यावर त्यांची मुलगी स्मिता. ती जर्मनीत असते एवढंच मला ठाऊक होतं. क्वांटमला न फुटणाऱ्या सह्या तयार करायचं काम ती करते, हे तेव्हा कळलं. काकांनी काहीतरी भलताच प्रश्न विचारला. ती खळखळून हसली, मग कागदावर आकृत्या काढून समजावत बसली. काका मान डोलावत होते.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "तुझी काकू होती तवा दोघी तास तास बोलायच्या. ती गेली, नि माझ्याशी काय? 'जेवलात? गोळी घेतली?' व्हय म्हटलं की संपला फोन. म्हटलं, तिच्या कामाचंच विचारावं."

"मग आज समजलं का सगळं?"

"न्हाय गो," काका ताकाचा तांब्या घेत हसले. "समजलं तर पुढच्या रविवारी काय विचारू?"