सहा घरांतलं कडं

"जगातला प्रत्येक गुन्हा माझी वाट बघत ताटकळलेला असतो," असं दाजी स्वतःबद्दल सांगतात. 'तीक्ष्ण नजर, अभेद्य मौन' असं त्यांनी गुप्तहेर म्हणून कार्डावर छापून घेतलंय. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा आणि झोपेतही बडबडणारा हा माणूस माझ्या बहिणीचा नवरा, म्हणून त्यांची पिशवी मी धरतो.

त्या दिवशी नेमबाजी क्लबच्या सचिवांनी बोलावलं. क्लबचं एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं, काठावर ठोका बसला की उडणाऱ्या बारीक काडतुसांचं. सरावाची आखूड काडतुसं त्यात सुरळीत बसत, स्पर्धेची लांब मात्र अर्ध्यावर अडत. सचिवांच्या मते हत्यारं सांभाळणाऱ्या कारागिरानेच घात केला होता. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती.

कारागीर भिंतीला टेकून उभा होता. डबा घेऊन आलेली त्याची बायको शेजारी.

"साहेब, ते आतून..." त्याने तोंड उघडलं.

"संशयिताने विचारल्याशिवाय बोलू नये," दाजी म्हणाले.

"मग विचारा की."

"मी विचारत नाही. मी ओळखतो."

कारागिराने रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं आणि काडतुसं बसतात ते सहा घरांचं चाक काढून टेबलावर ठेवलं. दाजींनी ते हुंगलं. प्रथम काडतुसं उन्हाने वाढली असं ठरलं. मी शिंप्याच्या टेपने मोजली, वाढली नव्हती. मग शत्रूच्या क्लबने चाकाचा जुळा भाऊ बसवला असं ठरलं. शेवटी कारागीर डावखुरा असल्याने सगळं उलटं झालं, असं निघालं.

"दाजी, तो उजव्या हाताने काम करतोय."

"बघ, किती सराईतपणे लपवतोय."

"बाहेरून बघा, कसं लखलखतंय," सचिव म्हणाले. "ब्रशने ओरखडे पडतात, म्हणून तारेचे ब्रश वर्षापूर्वी मीच कुलपात टाकले. नुसतं फडक्याने पुसायचं, हा माझा नियम."

कारागिराच्या बायकोने मान वर केली. ती प्रयोगशाळेत बाटल्या धुते. "वर्षभर आत ब्रशच नाही?" तिने चाक खिडकीच्या उजेडात धरलं. "आखूड काडतुसं उडून उडून सहाही घरांत शिशाचं नि काजळीचं कडं धरलंय. आखूड काडतूस अलीकडेच थांबतं, लांब त्यावर जाऊन आदळतं."

"बाई, हे शास्त्र आहे," दाजी म्हणाले.

"मग घासून बघू की शास्त्राला."

सचिवांनी कुरकुरत कुलूप उघडलं. कारागिराने झिजलेल्या ब्रशवर तांब्याच्या तारा गुंडाळल्या, तेल लावलं, पहिल्या घरात फिरवला. कागदावर राखाडी कपचे पडले. लांब काडतूस आता तळापर्यंत अलगद उतरलं, पाळण्यात तान्हं उतरावं तसं.

सचिवांनी काडतूस काढून पुन्हा घालून पाहिलं. "ठीक आहे. राहा कामावर."

"राहतो," कारागीर म्हणाला. "ब्रशच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या."

त्यांनी दिली.

कपचे चिवडून दाजींचा हात माखला होता आणि डब्याकडे निघाला होता. "भाऊ, शिसं आहे ते," कारागिराच्या बायकोने साबण पुढे केला. "आधी हात धुवा."

"शिसंच. सकाळपासून मी तेच म्हणतोय," दाजी म्हणाले आणि वहीत लिहिलं: 'खरा गुन्हेगार सचिव. पहिल्या क्षणीच ओळखला.' सचिवांनी ते खांद्यावरून वाचलं.

त्यांनी आम्हाला पायऱ्यांवर काढलं, मागून पिशवीही आली. आत ब्रश चालू होता, सावकाश, एका लयीत. बहुतेक तिसरं घर चाललं असावं.